घरची चित्रफीत : मूळ आणि नक्कल

आपल्या घरी एखादी जुनी लग्नाची कॅसेट आहे काय? बहुतेक घरांत असते. कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा ट्रंकेच्या तळाशी, जुन्या शालूच्या घडीशेजारी ती पडून असते. तिच्या पाठीवर वधूवरांची नावे व तारीख लिहिलेली असते. ती दाखविणारे यंत्र मात्र घरात उरलेले नसते. "एकदा ही संगणकावर घ्यायला हवी," असे दर दिवाळीच्या साफसफाईत कोणी तरी म्हणते आणि कॅसेट पुन्हा ट्रंकेत जाते.

हा लेख त्या कॅसेटविषयी आहे, त्याचप्रमाणे आपल्या फोनमध्ये रोज साठत जाणाऱ्या चित्रणाविषयीही आहे. चित्रफीत एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नेताना कोणती पद्धत निवडावी आणि कोणते आकडे ठरवावेत, हा प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञांचा वाटतो. वस्तुतः तो घराचा प्रश्न आहे. कारण काय राहील आणि काय कायमचे जाईल, हे त्याच निवडीत ठरते. मी ही गोष्ट स्वतः चूक करून शिकलो. म्हणून प्रथम ती चूकच सांगतो.

बोम्मसंद्र्यातील दिवाळी

माझी थोरली बहीण व तिचे यजमान गेली पंचवीसहून अधिक वर्षे बंगळुरूच्या दक्षिणेस बोम्मसंद्रा येथे राहतात. होसूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडे वसलेले हे गाव आता औद्योगिक वसाहत म्हणूनच ओळखले जाते. कारखान्यांच्या निमित्ताने तेथे नाना प्रांतांची माणसे आली. ताईच्या मजल्यावर कन्नड, तमिळ, ओडिया आणि मराठी अशी चार घरे शेजारी शेजारी आहेत. अशा दूरदेशी राहणाऱ्या कुटुंबाला आपल्या माणसांचे चित्रण किती मोलाचे वाटते, हे वाचकांस सांगावयास नको.

ताईचे लग्न १९९४ साली मिरजेस झाले. त्या लग्नात आमच्या आजीने स्वतः रचलेली मंगलाष्टके म्हटली होती. पुढच्याच वर्षी आजी गेली. तिचा आवाज आणि तिची हालतीबोलती मूर्ती त्या एका कॅसेटखेरीज कोठेही उरली नव्हती.

२००४ साली कॅसेटला बुरशी धरू लागली, तेव्हा मी ती एका दुकानातून उतरवून घेतली. दुकानदाराने डीव्हीडी सुचविली होती. मी काटकसर केली आणि व्हीसीडी पुरे, असे सांगितले. तीन तबकड्यांत लग्न बसले. काम झाले अशा समजुतीने कॅसेट भंगारात दिली. दुकानदाराने सांगितले तसेच काम केले होते. निर्णय माझा होता.

वीस वर्षे कोणाच्या काही लक्षात आले नाही, कारण जुना टीव्ही लहान होता. २०२४ च्या दिवाळीत ताईकडे मोठ्या पडद्याचा टीव्ही आला आणि सारे कुटुंब लग्न पाहावयास बसले. अंतरपाट धरलेला होता, आजी बाजूस उभी राहून म्हणत होती. तोवर चित्र बरे होते. परंतु 'सावधान' म्हणताच अक्षता उडाल्या आणि सारे चित्र चौकोनी ठिकऱ्यांत फुटले. आजीचा चेहरा त्या चौकोनांत बुडून गेला. दर अष्टकाच्या शेवटी तसेच झाले. भाची म्हणाली, "मामा, पणजीचं तोंड दिसतच नाही की!"

चित्र नेमके अक्षतांच्याच वेळी का फुटावे? या प्रश्नाच्या उत्तरात या विषयाचे सारे मर्म आहे.

संक्षेपाशिवाय गत्यंतर नाही

चलच्चित्र म्हणजे भराभर दाखविलेली स्थिर चित्रे, हे आपण जाणतोच. आपल्याकडील जुन्या दूरचित्रवाणी पद्धतीत सेकंदास २५ चित्रे असत. अशी कॅसेट संगणकावर घेतली की प्रत्येक चित्र सामान्यतः ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे होते, म्हणजे चार लाखांहून अधिक बिंदू. रंगाचा तपशील काहीसा कमी ठेवूनही हे सर्व जसेच्या तसे लिहावयाचे ठरविले, तर एका तासाला सुमारे ५६ गिगाबाइट जागा लागेल. आजच्या १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या चित्रणास त्याच हिशेबाने तासाला सुमारे २८० गिगाबाइट लागतील. साहजिकच मजकूर थोडक्यात लिहावा लागतो. हा संक्षेप करणारी आणि पाहतेवेळी तो पुन्हा उलगडणारी जी पद्धत, तिलाच कोडेक म्हणतात.

कोडेक दोन प्रकारे काटकसर करतो. पहिली काटकसर एकाच चित्राच्या आत होते. मांडवाचे पांढरे कापड घ्या. तेथे शेजारचे बिंदू जवळजवळ सारखेच असतात, तेव्हा प्रत्येक बिंदू वेगळा लिहिण्याचे कारण नाही. चित्राचे लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनात ठळक चढउतार कोणते आणि बारीक कोणते, हे गणिताने वेगळे करतात. मग डोळ्यास फारसे न जाणवणारे बारीक चढउतार ढोबळपणे लिहितात किंवा वगळतात.

हे गणित ज्यांनी जगाला दिले त्यांतील प्रमुख संशोधक मूळचे बंगळुरूचेच. नासिर अहमद यांचा जन्म तेथे १९४० साली झाला आणि अभियांत्रिकीचे पहिले शिक्षणही तेथेच झाले. पुढे अमेरिकेत अध्यापन करीत असता त्यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात मांडलेले 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' हे गणिती रूपांतर आज आपल्या फोनमधील जेपीईजी छायाचित्रांत आहे. व्हीसीडी, डीव्हीडी आणि त्यानंतरचे बहुतेक प्रचलित कोडेक त्याच्याच किंवा त्याच्या सुधारित रूपांच्या आधारे चालतात. बंगळुरूचा संबंध येथेच संपत नाही. २००१ साली त्या शहरात स्थापन झालेल्या इटियम सिस्टिम्स या कंपनीने लिहिलेले एच.२६४ व एच.२६५ उलगडणारे सॉफ्टवेअर अँड्रॉइड फोनच्या मूळ प्रणालीत समाविष्ट झालेले आहे.

दुसरी काटकसर चित्राचित्रांमधील आहे. मंगलाष्टके चालू असताना मांडव हलत नाही, अंतरपाट फारसा हलत नाही, भटजीही जागीच असतात. मग प्रत्येक चित्र नव्याने का लिहावे? कोडेक एक चित्र पुरते लिहितो आणि पुढल्या चित्रांत केवळ काय बदलले व काय कोठून कोठे सरकले, एवढेच लिहितो. खरी बचत येथे होते.

आता अक्षतांचा विचार करा. हजारो दाणे एकाच वेळी, निरनिराळ्या दिशांनी उडतात. प्रत्येक दाणा बारीक तपशील असल्याने पहिली काटकसर अडते. प्रत्येक दाणा दर चित्रात नव्या जागी असल्याने दुसरीही अडते. एरवी जे दोन ओळींत लिहून होते, त्याला आता दोन पाने लागतात. परंतु व्हीसीडीच्या नियमात चित्रासाठी सेकंदास ११५० किलोबिट एवढेच ठरलेले असतात, त्याहून अधिक नाहीत. शिवाय चित्रही ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे, म्हणजे मूळच्या जवळजवळ एक चतुर्थांश. पान संपले आणि मजकूर उरला, तेव्हा कोडेकने बारीकसारीक सर्व गाळून नुसते चौकोन उरविले. आजीचा चेहरा त्यांतच गेला.

हे एकदा ध्यानी आले म्हणजे पुढील सल्ला पाठ करावा लागत नाही. तो आपोआप समजतो.

डबा आणि पदार्थ

प्रथम एक गोंधळ दूर केला पाहिजे. "माझी फाईल एमपी४ आहे," असे आपण म्हणतो. परंतु एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय आणि एमओव्ही ही डब्यांची नावे आहेत. डब्याच्या आत चित्र कोणत्या कोडेकने लिहिले आहे, हे वेगळेच असते. एकाच एमपी४ डब्यात एच.२६४ असू शकते, एच.२६५ असू शकते आणि एव्ही१ देखील असू शकते. एक एमपी४ टीव्हीवर चालते आणि दुसरी चालत नाही, याचे कारण बहुधा हेच असते.

यातून एक मोठी सोय निघते. कित्येकदा पदार्थ उत्तम असतो, केवळ डबा टीव्हीला ओळखता येत नाही. अशा वेळी चित्र नव्याने लिहिण्याची मुळीच गरज नसते. डबा बदलला म्हणजे पुरते. एफएफएमपेग या विनामूल्य सॉफ्टवेअरने हे काम काही क्षणांत होते आणि चित्राची तिळमात्र हानी होत नाही. म्हणून रूपांतर करण्यापूर्वी आपण स्वतःला विचारावे की रूपांतराची गरज खरोखर आहे काय. फोनने घेतलेले चित्रण आधीच एच.२६४ किंवा एच.२६५ मध्ये असते. ते पुन्हा लिहिणे म्हणजे संक्षेपाचा संक्षेप करणे होय. प्रत्येक वेळी थोडे गळते आणि गळलेले परत येत नाही.

कोणता कोडेक निवडावा?

रूपांतर करणे आवश्यकच असेल, तर आज घरगुती वापरासाठी मुख्यतः तीन नावे समोर येतात.

एच.२६४ हा २००३ साली प्रमाणित झाला. याचा मोठा गुण म्हणजे तो सर्वत्र चालतो. जुना टीव्ही, स्वस्त फोन, शेजाऱ्यांचा संगणक, सर्व जण तो उलगडू शकतात. जी प्रत नातेवाइकांत वाटावयाची आहे, तिच्यासाठी हाच निवडावा.

एच.२६५ हा २०१३ सालचा. तोच दर्जा सुमारे निम्म्या जागेत बसावा, हे ध्येय ठेवून तो तयार करण्यात आला. फोरके म्हणजे मोठ्या पडद्याच्या चित्रणात ही बचत चांगली जाणवते. अलीकडील बहुतेक फोन व टीव्ही तो दाखवितात. परंतु त्याच्या पेटंटांचे व परवान्यांचे व्यवहार गुंतागुंतीचे असल्याने काही ठिकाणी तो अडतो. रूपांतरास वेळही अधिक लागतो.

एव्ही१ हा २०१८ साली प्रसिद्ध झाला. अनेक मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन, कोणासही स्वामित्वशुल्क द्यावे लागू नये या हेतूने तो तयार केला. जागेच्या बाबतीत तो एच.२६५ च्याही थोडा पुढे जातो. तथापि नव्या उपकरणांतच तो सुखाने चालतो. आपल्या घरातील सर्व यंत्रे नवी असतील, तरच त्याचा विचार करावा.

लग्नाच्या कॅसेटसारखे लहान आकाराचे जुने चित्रण असेल, तर जागेची बचत मुळातच थोडी असते. तेथे नव्या कोडेकच्या मोहात पडण्याचे कारण नाही. सर्वांना पाहता येणे हे अधिक महत्त्वाचे.

सेटिंगचे आकडे

हँडब्रेक नावाचे विनामूल्य सॉफ्टवेअर घरी वापरावयास सोपे आहे. ते उघडताच आकड्यांची आणि पर्यायांची गर्दी पाहून मनुष्य गांगरतो. त्यातील पाच बाबी समजल्या की पुरे.

पहिली बाब दर्जाची. सॉफ्टवेअर दोन प्रकारे चालविता येते. "सेकंदास इतकेच बिट वापर" असे ठरवून देणे हा एक प्रकार. व्हीसीडीने आम्हांस दगा दिला तो याच रीतीने. "दर्जा इतका राख, जागा लागेल तेवढी घे" असे सांगणे हा दुसरा प्रकार. दुसऱ्या प्रकारात कोडेक निवांत दृश्यात कमी लिहितो आणि अक्षतांच्या वेळी हात सैल सोडतो. घरच्या चित्रणासाठी नेहमी हाच निवडावा. एच.२६४ लिहिणाऱ्या एक्स२६४ या सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा ० ते ५१ असतो आणि तो जितका लहान, तितका दर्जा चांगला. कॅसेट व डीव्हीडीच्या आकाराच्या चित्रणास १८ ते २२ आणि १०८० ओळींच्या चित्रणास २० ते २४, ही हँडब्रेकची शिफारस आहे. आकडा सहाने कमी केला तर फाईल साधारण दुप्पट होते, हा हिशेब लक्षात ठेवावा. मात्र एका कोडेकचा आकडा दुसऱ्यास लावू नये. एक्स२६४ चा न बदललेला आकडा २३ असतो आणि एक्स२६५ चा २८. एव्ही१ ची मोजपट्टी तर निराळीच असते.

दुसरी बाब वेगाची. 'फास्ट', 'मीडियम', 'स्लो' असे पर्याय दिसतात. संगणकास विचार करावयास अधिक वेळ दिला, तर तो त्याच दर्जाचे चित्र कमी जागेत बसवितो. हे काम आयुष्यात एकदाच करावयाचे असते. तेव्हा 'स्लो' निवडून रात्रभर संगणक चालू ठेवावा. संगणकातील चित्र-चिपच्या साह्याने काम पुष्कळ लवकर होते, परंतु त्याच दर्जासाठी फाईल बहुधा मोठी होते.

तिसरी बाब जुन्या चित्रणापुरती आहे. कॅसेटवरील प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांचे असते. आधी एकाआड एक ओळी येतात, मग उरलेल्या. अशी सेकंदास ५० अर्धचित्रे असतात. आजच्या पडद्यावर ती एकत्र दाखविली की हलत्या हाताला फणीच्या दातांसारख्या कडा येतात. यासाठी 'डीइंटरलेस' हा पर्याय असतो. त्यातील 'बॉब' निवडल्यास ५० अर्धचित्रांची ५० पूर्ण चित्रे होतात आणि हालचाल मूळच्यासारखी सुरळीत दिसते.

चौथी बाब आकाराची. जुने चित्रण ४ गुणिले ३ प्रमाणाचे असते. रुंद पडदा भरावा म्हणून ते ताणू नये. माणसे बुटकी व जाड दिसतात. दोन्ही बाजूंस काळी पट्टी राहिली तर राहू द्यावी. तसेच कॅसेटचे चित्र फोरके करून काही मिळत नाही. जो तपशील फितीवर कधी उतरलाच नाही, तो आकडा वाढवून येत नाही.

पाचवी बाब आवाजाची आणि ती सर्वांत दुर्लक्षिली जाते. चित्रास गिगाबाइट देणारे लोक आवाजात कंजुषी करतात. एएसी पद्धतीने सेकंदास १६० ते १९२ किलोबिट ठेवले, तर तीन तासांच्या चित्रणात जेमतेम पाव गिगाबाइट खर्च होतो. फोनच्या चित्रणात मूळ आवाज जसाच्या तसा पुढे न्यावा. खरखर काढून टाकणाऱ्या युक्त्यांच्या नादी मूळ प्रतीत तरी लागू नये. खरखरीबरोबर आवाजातील कंपही जातो.

हे सर्व ठरल्यावर पूर्ण चित्रणाचे काम एकदम सुरू करू नये. सर्वांत धामधुमीचा एक मिनिटाचा भाग निवडावा. अक्षता, फुलबाजा, कारंजे, पाऊस किंवा गर्दी यांपैकी काही तरी त्यात असावे. तेवढ्याचेच रूपांतर करून घरातील सर्वांत मोठ्या पडद्यावर पाहावे. तेथे चित्र टिकले, तर अन्यत्र टिकेलच. मी २००४ साली ही एक मिनिटाची परीक्षा घेतली असती, तर हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला नसता.

मूळ ते मूळ

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कोडेक कोणताही निवडा, आकडा कोणताही ठेवा, रूपांतर झाले म्हणून मूळ टाकू नका. चुकीचा कोडेक निवडल्याची चूक दुरुस्त होते, मूळ टाकल्याची होत नाही. माझी खरी चूक व्हीसीडी निवडण्यात नव्हती, कॅसेट भंगारात देण्यात होती.

हा नियम मोठमोठ्या संस्थाही पाळतात. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथे पी. के. नायर यांनी देशभर हिंडून जुनी रिळे मिळविली आणि जपली. तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या, ज्वालाग्राही नायट्रेट रिळांचा मोठा साठा भस्मसात झाला. अशा प्रसंगी ज्यांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर काढलेल्या असतात, ते चित्रपट कोणत्या ना कोणत्या रूपाने टिकतात. ज्यांच्या नसतात, ते जातात. आज जगभरचे चित्रसंग्राहक दोन प्रती वेगळ्या मानतात. जपण्याची प्रत शक्य तितकी अक्षत ठेवतात, तिला कोणी हात लावीत नाही. पाहण्याची प्रत तिच्यावरून काढतात. ती लहान असते, हवी तेव्हा पुन्हा काढता येते.

घरच्या कॅसेटसाठीही हेच करता येते. तिची जपण्याची प्रत एफएफव्ही१ या कोडेकने एमकेव्ही डब्यात ठेवावी. हा कोडेक काहीही न गाळता लिहितो. उलगडल्यावर प्रत्येक बिंदू जसाच्या तसा मिळतो. जागा कच्च्या चित्रणाच्या साधारण निम्म्याच्या आसपास लागते. तो मुक्त आहे आणि त्याचे नियम २०२१ साली उघडपणे प्रसिद्ध झालेले आहेत, म्हणून पुढील पिढ्यांसही तो वाचता येण्याची आशा बाळगावयास हरकत नाही. फोनच्या चित्रणाच्या बाबतीत काम आणखी सोपे आहे. फोनने लिहिलेली फाईल हीच मूळ प्रत. ती न बदलता उतरवून ठेवावी. व्हॉट्सॲपवर आलेली फाईल मूळ समजू नये, कारण तेथे चित्रण पाठविताना ते पुन्हा दाबले जाते. पाठवावयाचेच असेल, तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे.

जपण्याच्या प्रती तीन असाव्यात, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी असावी. ज्यांचे कुटुंब दोन प्रांतांत विभागलेले आहे, त्यांना ही व्यवस्था सहज जमते. वर्षातून एकदा, समजा दसऱ्याला, प्रत्येक डिस्क जोडून फाईल उघडते की नाही हे पाहावे. शस्त्रपूजेच्या दिवशी हेही एक शस्त्र तपासून घ्यावे.

कॅसेट घरात असणाऱ्यांनी मात्र विलंब करू नये. व्हीसीआर यंत्रे बनविणारी शेवटची ज्ञात कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ साली निर्मिती थांबविली. चालू यंत्रे दिवसेंदिवस कमी होत आहेत आणि फिती जुन्या होत आहेत. बुरशी आलेली फीत घरच्या यंत्रात घालून पाहू नये, ती तुटते आणि यंत्रही बिघडते. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी आणि चालवावयाची ती एकदाच, न गाळणारी प्रत काढण्यासाठी.

दुसरी कॅसेट

आमच्या सुदैवाने ताईच्या लग्नाची आणखी एक कॅसेट निघाली. मी सांगलीच्या धाकट्या मामांना सहज विचारले, तर मामी म्हणाली, "अरे, आमच्याकडं एक दिली होती की! बघते." ती धान्याच्या कोठीवरच्या पेटीत होती. तीही मूळ चित्रणाची नक्कलच, आणि कडेला बुरशी होती; पण फीत अखंड होती.

या वेळी घाई केली नाही. कॅसेट साफ करून घेतली, एकदाच चालविली आणि काहीही न गाळणारी प्रत काढली. तीन तासांना शंभर गिगाबाइटच्या आसपास जागा लागली. ती पाहून माझ्यातला जुना काटकसरी मनुष्य क्षणभर दचकला. मग त्या प्रतीवरून एच.२६४ ची पाहण्याची प्रत काढली. आकडा १८, वेग 'स्लो', सेकंदास ५० चित्रे. ती पाच गिगाबाइटच्या आत बसली. काम सुरू करण्यापूर्वी ताई आणि मी पहिल्या अष्टकाच्या अखेरचे एक मिनिट तेवढे पाहिले.

'सावधान' झाले, अक्षता उडाल्या. चित्र धूसर होते, रंग उडालेले होते. कॅसेटमध्ये होते तेवढेच ते होते. पण ते फुटले नाही. अक्षतांच्या आडून आजी दिसत होती आणि पुढचे अष्टक सुरू करण्यापूर्वी ती क्षणभर थांबून ताईकडे पाहून हसत होती. ते हसू तिसऱ्या तबकडीवर नव्हते, पहिल्याही नव्हते. वीस वर्षे आम्ही लग्न पाहत होतो आणि ते आम्हांस माहीतच नव्हते. ताई काही बोलली नाही. तिने ते मिनिट पुन्हा लावावयास सांगितले.

आता भाचीच्या फोनमध्ये पाहण्याची प्रत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये बोम्मसंद्र्यापासून आर. व्ही. रोडपर्यंत मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. त्या गाडीत बसून ती कधी कधी पणजीची अष्टके ऐकते. जपण्याची प्रत एका डिस्कवर ताईच्या कपाटात आहे, दुसरी सांगलीस मामांकडे आहे आणि तिसरी माझ्याकडे. कॅसेटही परत मामींच्या पेटीत गेली आहे, भंगारात नाही. ताईने आपल्या डिस्कवर कागद चिकटवून स्वतःच्या हाताने लिहिले आहे : 'मूळ प्रत. पुसू नये.'

वाचकहो, कोडेक बदलत राहतील. व्हीसीडी गेली, डीव्हीडी मागे पडली, आजचे नवे उद्या जुने होईल. तेव्हा पुन्हा नवी नक्कल काढावी लागेल आणि आपल्या मुलांना ती काढता येईल. त्यासाठी त्यांच्या हाती मूळ मात्र असावयास हवे. ट्रंकेतील ती कॅसेट या आठवड्यात बाहेर काढा आणि अशाच एका चिठ्ठीने तिची सुरुवात करा.